सोळा महिन्यांचं वांगं आणि लुनाची चाकं

परसदारी, तुळशीच्या अलीकडे, न्हाणीच्या भिंतीला टेकून जी काळी, पोट सुटलेली, तीन चाकांची वस्तू उभी आहे ना, ती मी. कोळशाची शेगडी आहे मी. नवा पाहुणा आला की आधी माझ्या चाकांकडे बघतो, मग पोटाकडे बघतो, आणि मग हळूच विचारतो की हे नेमकं आहे तरी काय. उत्तरं देऊन देऊन घरातली माणसं कंटाळली. म्हटलं, आज आपणच सांगून टाकावं.

माझा जन्म शहाण्णव सालचा. बोरी बुद्रुकच्या शिवारातल्या एका वस्तीवरचा हौशीराम मंचरला बटाटा घालून परत येत होता. आठ दिवस त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. पुण्याला मावसभावाच्या बंगल्यामागं त्यानं उभ्यानं भाजायची शेगडी बघितली होती. चुलीपुढं वाकायचं नाही, फुंकून फुंकून डोळे लाल करायचे नाहीत. माणसं कपबशी घेऊन गप्पा मारतायत आणि कणसं आपली भाजतायत. हौशीरामला ते फार आवडलं. फक्त उभं राहायचं तेवढं त्याला पटलं नाही. पुण्याचे लोक उभे राहोत, तो म्हणाला, आपण बाजेवर बसून भाजू.

मंचरच्या बाजारातून त्यानं तेलाचं एक जुनं पिंप घेतलं आणि फाट्यावर भिकाच्या दुकानात आणून टाकलं. भिका वेल्डिंग करायचा. खोडदला दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या उभ्या राहत होत्या तेव्हा त्यानं तिथं चार महिने काम केलं होतं, आणि तेव्हापासून गोठ्याचं फाटक जोडतानासुद्धा तो एक डोळा मिटून आभाळाचा अंदाज घ्यायचा.

भिकानं पिंप उभं चिरलं. एका भागाची मी झाले. दुसरा भाग विहिरीवर गुरांच्या पाण्यासाठी गेला. सख्ख्या बहिणी आम्ही; तिच्या वाट्याला पाणी आलं, माझ्या वाट्याला विस्तव. मी कधी कुरकुर केली नाही. ज्याला जे काम नेमून दिलं ते त्यानं नीट करावं, एवढं साध्या लोखंडालाही कळतं.

मला चार पाय लावले ते मुद्दाम आखूड. बाजेवर बसलेल्या माणसाचा हात सहज जाळीवर पोचला पाहिजे, असं हौशीरामचं माप होतं. एका अंगाला धरायला आडवा दांडा लावला, आणि पायांखाली चार बेअरिंगं ठोकली. पोरं उतारावरून गाडा पळवतात ना, त्याला असतात तसली. शहाबादी फरशीवर मी खणखण वाजत ऐटीत चालायचे. अंगणाच्या मातीत उतरले की मात्र नांगरासारखी रुतायचे.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मजेची. हुरड्याच्या दिवसांत तर मला विसावा नसायचा. कणसं, शेंगा, रताळी, पापड. काय काय माझ्या अंगावरून गेलं. रविवारी हौशीरामचे मित्र यायचे आणि मग माझ्या जाळीवर जे यायचं त्याबद्दल मी इथं जास्त बोलत नाही. हौशीरामची बायको रत्ना तेव्हा सोप्यात जाऊन बसायची.

रत्नाबद्दल मात्र बोलायला हवं. संकष्टी, एकादशी, सोमवार, श्रावणातले शुक्रवार. आठवड्यात तिचे जेवणाचे दिवस शोधून काढावे लागायचे. पण स्वभाव असा मऊ, की स्वतः उपाशी असली तरी दुसऱ्याला वाढताना हात आखडायचा नाही. तिनं भिकाकडून माझ्यासाठी दुसरी जाळी करून घेतली. एक जाळी रविवारची, एक देवाची. देवाची जाळी ती राखेनं आणि चिंचेनं घासायची, मग माझ्या पोटावर गोमूत्राचे चार थेंब शिंपडायची. मला त्यानं शिंक यायची, पण बरंही वाटायचं. कालचं काल गेलं, आज तू स्वच्छ आहेस, असं कुणीतरी म्हणावं लागतंच.

मग नवलाई सरली. हौशीरामला मोटारसायकलचं खूळ लागलं. माझ्या पोटात पावसाचं पाणी साचलं, तांबेरा चढला. एका कोंबडीनं जागा हेरून माझ्यात अंडी घातली आणि एकवीस दिवस ती हलली नाही. नऊ पिलं निघाली. निखारे सांभाळणाऱ्या माझ्या पोटात पिलं वळवळताना बघून मला वाटलं, आता आपलं हेच. म्हातारपण असंच जायचं. पण तसं व्हायचं नव्हतं. त्याला कारण झाली हौशीरामची आई, गोजरबाई. आणि वांगं.

आमच्या घराचं दैवत खंडोबा. आषाढी एकादशीला या घरात वांगं सुटतं ते थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला तोंडात जातं. त्या दिवशी देवाला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीच्या कांद्याचा नैवेद्य. घरोघर हेच असतं. पण गोजरबाईंचा एक जास्तीचा नेम होता. वस्तीच्या वरच्या टेकाडावर खंडोबाचं लहानसं देऊळ आहे. चंपाषष्ठीचं पहिलं वांगं त्या देवळाच्या दारात, देवाच्या समोर, त्या स्वतःच्या हातानं भाजायच्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून. तीन दगड मांडायच्या, गोवऱ्या पेटवायच्या आणि उकिडव्या बसून वांगं फिरवायच्या. पहिला धूर देवाला, पहिला घास देवाला, आणि दुसरा घास गोजरबाईंना.

आणि गोजरबाईंना वांगं आवडायचं. नुसतं आवडायचं म्हटलं तर त्या रागावतील. श्रावणात परसातल्या वाफ्याला वांगी लगडायची, तेव्हा त्या वाफ्यापाशी जाऊन एकेका वांग्याला हात लावून यायच्या. खायचं नाही, पण विचारपूस करायला काय हरकत आहे.

दोन हजार दोन सालच्या पावसाळ्यात त्यांचे गुडघे गेले. लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या मध्ये कुठं न टेकता चढणारी बाई, पण न्हाणीपर्यंत जायचं तर भिंत धरायला लागली. उकिडवं बसणं तर संपलंच. जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जमिनीवर बसू नका, पण थोडं थोडं चालत राहा. गोजरबाईंनी त्यातलं पहिलं ऐकलं. दुसरं ऐकायचं त्यांना धैर्य झालं नाही, कारण एकदा ओसरीवर पडल्या होत्या आणि ती भीती मनात बसली होती.

त्या साली चंपाषष्ठीला रत्नानंच घरी वांगं भाजलं, नैवेद्य वर पाठवला आणि सासूच्या ताटात भरीत वाढलं. गोजरबाईंनी ताट हातानं बाजूला सारलं. "देवाम्होरं माज्या हातानं भाजंन तवाच खाईन," त्या म्हणाल्या. "नायतर वांगं सुटलं आता कायमचं."

हौशीरामला वाटलं, चार दिवसांत विसरेल. त्या विसरल्या नाहीत. संक्रांत गेली, होळी गेली. भोगीच्या भाजीतून वांगं वगळायचं ही तर या घरात कधी न घडलेली गोष्ट, तीही घडली. शेजारच्या बयाबाई रोज दुपारी यायच्या आणि न चुकता विचारायच्या, "गोजरे, वांगं तू सोडलंस का वांग्यानं तुला?" गोजरबाई हसायच्या. पण शेजारच्या चुलीवर वांगं भाजल्याचा वास आला की त्या उठून आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. हे मी परसातून बघत होते. वांग्याचं दुःख मोठं नव्हतं हो. आपण आता देवाच्या दारात जायच्या कामाच्या राहिलो नाही, हे त्यांना आत टोचत होतं, आणि बोलायला वांगं हाताशी होतं एवढंच.

पुढल्या वर्षी कार्तिक संपत आला तेव्हा रत्ना एकदा माझ्यापाशी राख घ्यायला आली आणि थबकली. माझ्याकडे बघितलं, ओसरीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे बघितलं. मग कोंबडीला हुसकावून मला घासायला घेतलं. चार दिवस ती मला घासत होती. पाचव्या दिवशी तिनं सासूला हाताला धरून खुर्चीवर आणून बसवलं आणि मला पुढ्यात ओढलं. गोजरबाईंचा हात अगदी सहज जाळीवर पोचला. हौशीरामनं आळसापायी धरलेलं माप त्याच्या आईला असं बरोबर बसलं.

गोजरबाई कितीतरी वेळ रिकाम्या जाळीवरून हात फिरवत होत्या. रत्ना म्हणाली, "आत्याबाई, हिला देवळाम्होरं नेऊ. तुमी खुर्चीवर बसून भाजा."

आता सोपं होतं सगळं. ओढ्यापर्यंत ट्रॅक्टर जातो. पुढं दोन-अडीचशे पावलांची पाऊलवाट, चढाची, दगडगोट्यांची, दोन्ही अंगांना घायपात. गोजरबाईंना हौशीराम आणि भिका हातांची पालखी करून नेणार. राहिले मी. हौशीरामनं चार गडी बोलावले, चार पायांना चौघं लागले आणि सरावासाठी म्हणून मला खांद्यावर घेऊन अंगणातून निघाले. लांबट, काळी मी चौघांच्या खांद्यावर हलत डुलत चाललेय आणि पुढं हौशीराम वाट दाखवतोय.

गोजरबाईंनी खुर्चीवरून हाक मारली. "ठेवा आधी खाली तिला. चौघांनी उचलून न्यायची येळ अजून माजी आली न्हाई, तिची कशाला आणता?"

गड्यांनी मला अशी खाली ठेवली की माझं एक बेअरिंग निखळून गटारात गेलं. तेव्हाच ठरलं. शेगडी वर जाईल ती चाकांवर जाईल, खांद्यावर नाही. आणि त्यासाठी चाकं बदलायला हवीत.

पहिल्यांदा सायकलची दोन चाकं लावून बघितली. दिसायला मी झकास दिसत होते, पाखरासारखी. पण पहिल्याच गोट्यावर आडवा दणका बसला आणि तारा वाकून एका चाकाची जिलेबी झाली. हौशीरामनं तिकडं बघितलंसुद्धा नाही, मोटारसायकलला किक मारली आणि मंचर गाठलं. हायवेच्या कडेच्या एका भंगारवाल्याकडे एक म्हातारी लुना उताणी पडली होती. तिची दोन्ही चाकं तो घेऊन आला. जाडजूड टायर, भक्कम तारा, आणि चाकाच्या पोटातला ब्रेकही शाबूत.

भिका आला तेव्हा मार्गशीर्षाची प्रतिपदा होती. सकाळीच खंडोबाच्या सहा दिवसांचा घट बसला होता, पहिली माळ चढली होती. भिकानं लुनाची चाकं माझ्याजवळ उभी करून एक डोळा मिटला. दांड्याच्या अंगाला ही दोन चाकं, आणि पुढं मध्यभागी पोरांच्या तीनचाकीचं एक, लांब चिमट्यात बसवलेलं, वाट वळेल तसं गर्रकन वळणारं. मग त्यानं करवत उचलली. पाय थोडे कापावे लागतील, तो म्हणाला.

ओसरीवरून आवाज आला, "काय कापतोस?"

"शेगडीचं पाय, आजी."

"घट बसलाय आज. देवाच्या दिवसांत कापाकापी न्हाई करायची. केस न्हाई, नखं न्हाई, काय न्हाई. जोडायचं ते जोड."

"अवो आजी, लोखंड हाय ते. त्याला कसला घट?"

"त्याला नसंल. मला हाय."

भिकानं हौशीरामकडे बघितलं, हौशीरामनं रत्नाकडे. रत्ना म्हणाली की आत्याबाई म्हणतायत तर नका कापू, कशाला उगीच. झालं. करवत पिशवीत गेली. भिकानं माझ्या पायांना न दुखवता, खालून आडवी पट्टी जोडून चाकं बसवली. चाकांवर विस्तवाची धग येऊ नये म्हणून मध्ये पत्रा ठोकला. ब्रेकच्या तारा ओढून दोन्ही मुठी माझ्या दांड्यावर आणल्या. हौशीराम म्हणाला, शेगडीला ब्रेक कशाला, ती काय हायवेनं जाणार आहे? भिका म्हणाला, "राव, उतारावर इस्तू घेऊन पळाली म्हंजी मग इचारा." दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मला ओढ्यापर्यंत नेऊन आणली. चिखल बघितला, गोटे बघितले, चढ बघितला. कुठं अडले नाही, कुठं कलले नाही. भिकाला तर इतका आनंद झाला की त्यानं अंगणाच्या मध्यावर मला एका बोटानं गोल फिरवून दाखवलं.

मीही फुगले होते, खोटं का बोलू. रुतणाऱ्या बेअरिंगांवर सात वर्षं काढलेली मी. पण त्या सगळ्या कौतुकात एक गोष्ट राहून गेली. वाटेचं माप सगळ्यांनी घेतलं. म्हातारीचं कुणी घेतलं नाही.

चंपाषष्ठीचा दिवस उजाडला. रत्नानं माझ्यावर देवाची जाळी चढवली, दांड्याला भंडारा लावला, पोटात बाभळीचे कोळसे भरले. ओढ्यापासून तिनं एकटीनं मला वर ढकलत नेलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मागून हातांच्या पालखीत गोजरबाई, नवं लुगडं नेसून, ओच्यात ते एक वांगं घेऊन. परसातल्या वाफ्यातलं, काळंभोर, देठाला काटे असलेलं. देवळापुढं वस्ती गोळा झाली होती. बायकांची टोपलीभर वांगी वाट बघत होती. गोजरबाईंचं पहिलं भाजलं की मग बाकीची.

मला देवासमोर उभी केली. चाकांखाली दगड लावले. कोळसे पेटले, फुलले. खुर्ची मांडली, गोजरबाई बसल्या, ओच्यातलं वांगं हातात घेतलं, त्याला तेलाचं बोट लावलं, हात उचलला आणि हात तसाच राहिला.

माझी कड त्यांच्या हनुवटीला लागत होती. जाळी कुठं आहे हेही त्यांना दिसत नव्हतं. लुनाच्या चाकांनी मला एक वीत आणि चार बोटं उंच केलं होतं.

मला वाटलं, या पोटातल्या विस्तवानं आपण वितळून तरी जावं, म्हणजे तेवढ्या तरी खाली येऊ. हौशीराम भिकाकडे बघत होता आणि भिका जमिनीकडे. मग एकदम सगळे बोलू लागले. कुणी म्हणालं खुर्चीखाली विटा लावा. लावल्या, तर खुर्ची डुगडुगली आणि गोजरबाईंनी घाबरून हौशीरामचा खांदा धरला. कुणी म्हणालं पाय कापा आता. पण पोटात पेटते कोळसे, आणि घट अजून उठायचा होता.

बयाबाई पुढं आल्या. थट्टा नव्हती आता त्यांच्या आवाजात. "गोजरे, नुसता हात लाव तू. रत्ना भाजंल. देवाला काय कळतंय?"

"देवाला कळत नसंल," गोजरबाई हळूच म्हणाल्या, "तर मंग भाजायचं तरी कशापायी?"

त्यांनी वांगं परत ओच्यात ठेवलं. तो हात मी जवळून बघितला. चिडलेला हात नव्हता तो. दमलेला होता. त्या हौशीरामला म्हणाल्या की मला खाली ने, तुम्ही सगळे उरकून घ्या.

हौशीराम वाकला. तेवढ्यात रत्ना मध्ये आली. सासूपुढं ती कधी मोठ्यानं बोलत नसे. तेव्हाही मोठ्यानं बोलली नाही. गुडघ्यावर बसून म्हणाली, "आत्याबाई, उभ्या ऱ्हाता का?"

गोजरबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. वर्षभरात त्या भिंतीवाचून उभ्या राहिल्या नव्हत्या.

"आन पडले मंजी?"

"मी हाय की. दांड्याला धरा. त्याला बिरेक हाय."

गोजरबाईंनी देवाकडे बघितलं. मग दोन्ही हात माझ्या दांड्यावर टाकले. इतकी वर्षं मी ओझी वाहिली, पण तसं वजन माझ्यावर कधी पडलं नव्हतं. भीती असलेलं वजन होतं ते. रत्नानं दोन्ही मुठी आवळून धरल्या. लुनाचे ब्रेक कचकन लागले आणि मी जमिनीत खिळले. चाकं जरा जरी सरकली असती ना, तर पुढं काही सांगायला मी तोंड दाखवलं नसतं.

गुडघे कडाकडा वाजले. गोजरबाई उठल्या. आणि काय सांगू, माझा दांडा त्यांच्या बरोबर कंबरेला लागला. जाळी बरोबर हाताखाली आली. खुर्चीवर बसलेल्या बाईला मी एक वीत चार बोटं जास्त होते, उभ्या राहिलेल्या बाईला मी अगदी बेतशीर होते.

एक हात दांड्यावर, दुसऱ्या हातात चिमटा. वांगं जाळीवर पडलं. चर्रर्र आवाज झाला, साल फुगलं, तडकलं, पाणी सुटलं. त्या फिरवत होत्या. घाम कपाळावरून हनुवटीपर्यंत आला तरी पुसला नाही. रत्ना ब्रेक आवळून शेजारी उभी. एवढं जवळ उभं राहून तिनं सासूला अंगुळभरही हात लावला नाही. वांगं त्यांच्याच हातानं भाजलं जायला हवं होतं, आणि त्या त्यांच्याच पायावर उभ्या असायला हव्या होत्या. देठाकडचा भाग भाजायला वेळ लागतो. गोजरबाईंनी तोही पुरता भाजला. पहिला धूर सरळ देवळात गेला.

मग तळी भरली, भंडारा उधळला, येळकोट झाला. रत्नानं वांगं सोलून भरीत केलं, रोडग्यावर ठेवलं, देवाला दाखवलं. नैवेद्याचं ताट गोजरबाईंच्या पुढं आलं. त्या आता खुर्चीवर बसल्या होत्या. सगळी वस्ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आदल्या सालच्या आषाढीपासून राहिलेला, सोळा महिन्यांचा घास.

गोजरबाईंनी रोडग्याचा तुकडा मोडला, वर भरीत घेतलं, आणि हात रत्नापुढं केला. "आधी तू घे."

रत्ना गोंधळली. "अवो आत्याबाई, नेम तुमचा…"

"माजा नेम समद्यांना ठावं हाय. तुजा मला एकटीला ठावं हाय. सोळा महिनं माज्या ताटात न्हाई ते तुज्या ताटात दिसलं न्हाई मला. मी गुडघ्यानं गेलीया, डोळ्यानं न्हाई."

हे मलासुद्धा माहीत नव्हतं. रोज परसातून सगळं बघते असा तोरा मिरवणारी मी, आणि ही बाई माझ्याशेजारी उभी राहून सोळा महिने एक नेम पाळत होती, तर मला पत्ता नाही. हौशीरामलाही नव्हता. त्यानं तोंड वळवलं आणि निखारे उगीचच ढवळले.

रत्नानं घास घेतला. मग गोजरबाईंनी घेतला. डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिल्या. बयाबाईंना राहवेना; कसं झालंय, त्यांनी विचारलं.

"मीठ कमी हाय," गोजरबाई म्हणाल्या, आणि पुढचा घास मोडला.

परतताना निखारे विझवून माझं पोट रिकामं केलं. हौशीराम आणि भिका पालखीसाठी हात गुंफून उभे राहिले. गोजरबाई त्यांच्याजवळून गेल्या आणि माझा दांडा धरला. रत्नानं त्यांना ब्रेकची मूठ कशी आवळायची ते दाखवलं. दहा पावलं चालायचं, ब्रेक लावायचा, दम घ्यायचा. अडीचशे पावलं उतरायला आम्हाला जवळजवळ तास लागला. वस्तीतली सगळी माणसं आमच्या मागं त्याच चालीनं येत होती, आणि कुणी पुढं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घट उठला तसा भिका करवत घेऊन हजर. म्हणाला, आता कापून मापात आणतो. गोजरबाईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

त्याला आता सहा वर्षं होतील. माझे पाय तसेच आहेत. लहान पोरांना चालायला शिकवायला पांगुळगाडा असतो ना, तसा आमच्या घरी म्हातारीचा पांगुळगाडा म्हणजे मी. डॉक्टरांचं दुसरं सांगणं गोजरबाईंनी अखेर ऐकलं ते माझ्या भरवशावर. सकाळी परसात फेऱ्या, दुपारी बयाबाईंच्या दारापर्यंत. माझ्या पोटात त्या काय काय ठेवतात: पानाची चंची, पाण्याचा तांब्या, येताना तोडलेली चार वांगी. विस्तव मला वर्षातून एकदाच मिळतो, चंपाषष्ठीला. शेगडीला हे वाईट वाटायला हवं, पण मला वाटत नाही. कुठल्या रूपात कुणाच्या उपयोगी पडायचं हे आपल्या हातात थोडंच असतं.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी काही करायचं मनात आणलंत, तर चाकांचं, वाटेचं माप घ्याल तसं त्यांचंही घ्या. आणि चुकलंच माप, तर लगेच करवत काढू नका. जरा थांबून बघा, बसलेलं माणूस उभं राहतंय का. माझ्या पुढच्या लहान चाकाला महिन्यातून एकदा तेलाचे दोन थेंब मिळाले तर बरं होईल, फार कुरकुरतं ते. हौशीरामला सांगून मी दमले.

आता पुरे करते. ओसरीवर काठी टेकवून ठेवल्याचा आवाज आला. गोजरबाई आल्या, दांड्यावर हात पडला, ब्रेक सुटला. तुळशीला पाच फेऱ्या घालून येतो आम्ही.